रिकामी समजलेली जागा

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या रुग्णालयात कॉम्प्युटरच्या खोलीत दोनच माणसं होती, त्यामुळे त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. ते थोरले आणि ती धाकटी. थोरले तिच्याहून अठरा वर्षांनी मोठे. धाकटी आता त्रेचाळीसची झाली, मुलगी कॉलेजात जायला लागली, तरी शिपायापासून अधीक्षक बाईंपर्यंत सगळ्यांना ती धाकटीच. थोरले खोलीत यायचे बंद झाले त्यालाही वर्ष होत आलं होतं. त्यांची खुर्ची तिनं हलवली नव्हती. तिच्यावर ती केबलींची वेटोळी ठेवायची, आणि कुणी बसायला गेलं की म्हणायची, "तिच्यावर नको, दुसरी देते."

थोरल्यांना अर्धांगाचा झटका आला तो घरी, दाढी करताना. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं विस्कटलं. आवाज होता, पण शब्द जागेवर नव्हते. चहा हवा असला तरी "पाणी", दार लावायचं असलं तरी "पाणी". समोरच्याचं त्यांना बहुतेक सगळं समजत होतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. बाहेर काढताना मात्र शब्दांची अदलाबदल व्हायची.

धाकटीला छळत होतं ते वेगळंच. झटक्याच्या बारा दिवस आधी महिन्याची बैठक झाली होती. सर्व्हरवर काय कुठे आहे याची नोंद का नाही, असं अधीक्षक बाईंनी विचारलं. तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "नोंद सरांच्या डोक्यात आहे. उद्या सर आले नाहीत तर आम्ही काय डोकं उघडून बघायचं?" लोक हसले होते. थोरलेही हसले होते, जरा उशिरानं.

तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्यानं तिला परोपरीनं समजावलं. "अगं, बोलण्यानं कुणाच्या डोक्यातली नस फुटत नाही. त्यांचा रक्तदाब दहा वर्षं जुना होता." तिला ते पटायचं आणि पटायचंही नाही. थोरले दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर बोलण्याचे व्यायाम करायला येत. त्या दोन दिवशी धाकटी मागच्या जिन्यानं ये-जा करायची. सुरुवातीला दोनदा घरी भेटून आली होती. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत आठ महिने गेले.

आणि मग ते सॉफ्टवेअर काढायची वेळ आली.

थोरल्यांनी पंधरा वर्षांपूर्वी सर्व्हरवर एक व्हॉल्यूम मॅनेजर बसवला होता. त्याचं काम साधं. सर्व्हरमध्ये चार डिस्क होत्या; हे सॉफ्टवेअर त्या चारींची मिळून एकच मोठी जागा करायचं आणि मग त्या जागेचे हवे तसे तुकडे पाडून द्यायचं. एका तुकड्याला म्हणायचं व्हॉल्यूम. एका व्हॉल्यूममध्ये रुग्णांचे कागद, एकात पायांचे स्कॅन, एकात पगारपत्रकं. आता ते बनवणाऱ्या कंपनीनंच त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि रुग्णालयात आलेलं नवं स्कॅनर नव्या सिस्टिमशिवाय चालायला तयार नव्हतं. नवी सिस्टिम घालायची तर जुना व्हॉल्यूम मॅनेजर आधी काढायला हवा. पण तो नुसता पुसून टाकता येत नाही. डिस्कवर कुठला तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे फक्त त्यालाच माहीत असतं. तो गेला की त्याच्या ताब्यातली माहिती डिस्कवर असूनही हाती लागत नाही. म्हणून आधी प्रत्येक व्हॉल्यूममधलं सगळं दुसऱ्या, साध्या डिस्कवर उचलून न्यायचं, ताडून बघायचं, आणि मगच सॉफ्टवेअरला हात लावायचा.

धाकटीनं यादी छापून घेतली. नऊ व्हॉल्यूम होते. आठांचा हिशोब लागला. नववा छोटासा होता, नाव 'स्पेअर'. त्यात एकही फाइल दिसत नव्हती, तो सिस्टिमला कुठे जोडलेलाही नव्हता. नावावरून आणि दिसण्यावरून, थोरल्यांनी अडीअडचणीला राखून ठेवलेली रिकामी जागा. ती तशीच सोडून द्यायची, की विचारून घ्यायचं? दोन दिवस तिनं चालढकल केली. गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून ती थोरल्यांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं. थोरल्यांच्या बायकोला ती पहिल्यापासून काकूच म्हणायची. काकू "ये" म्हणाल्या, पण त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं नाही.

"फार दिवसांनी," काकू म्हणाल्या.

"हो. कामाचं जरा—"

"असू दे. आत बसलेत."

थोरले खिडकीपाशी खुर्चीत होते. वाळले होते. तिला बघून त्यांचा डावा हात वर झाला आणि चेहऱ्याची डावी बाजू हसली. धाकटीनं ठरवून आणलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. तिनं सरळ यादी काढली आणि कामाचंच बोलायला लागली. ते सोपं होतं.

"सर, व्हॉल्यूम मॅनेजर काढतेय. रविवारी. आठ व्हॉल्यूम उचलले. हा एक राहिलाय, स्पेअर. हा रिकामा आहे ना?"

थोरल्यांनी कागद मांडीवर घेतला. बराच वेळ पाहिला. मग डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि आपटलं. "पाणी," ते म्हणाले. "पाणी, पाणी."

काकूंनी पाणी आणलं. त्यांनी पेला बाजूला सारला, थोडं सांडलं.

"सर, रिकामा आहे का?" तिनं हळू, सुटं सुटं विचारलं.

"हो. हो, हो," थोरले म्हणाले, आणि मान मात्र आडवी हलवत राहिले.

"त्यांचं हो आणि नाही अजून जागेवर नाही हं," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "कधी शब्द खरा असतो, कधी मान."

धाकटीनं हे ऐकलं. नीट ऐकलं. आपण तेव्हा काय विचार केला, हे तिनं पुढे कितीतरी वेळा आठवून पाहिलं. थोरल्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, कपाळावर घाम जमला होता. ते बघवत नव्हतं. "हो" हा शब्द तिला हवाच होता, तो मिळाला. तिनं तो उचलला आणि ती उठली.

"बरं सर. कळलं मला. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

थोरल्यांनी कागद सोडला नाही. तिनंही ओढला नाही. ऑफिसात दुसरी प्रत होती. बाहेर पडताना तिला मागून "पाणी" ऐकू आलं, आणि काकूंचं "अहो, दिलं ना आत्ता."

रविवारी सकाळी आठला तिनं कामाला सुरुवात केली. रुग्णालय बंद होतं, खाली फक्त पहारेकरी. तिनं फोन आवाज बंद करून पिशवीत टाकला, कारण असल्या कामात मध्येच कुणी बोललेलं तिला चालत नसे. प्रत्येक पायरी तिनं लिहून आणली होती. आधी सगळे प्रोग्राम बंद केले. आठ व्हॉल्यूममधल्या फाइली नव्या डिस्कवर पुन्हा एकदा ताडून पाहिल्या, एकूण एक जुळल्या. सिस्टिम सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची, तो तक्ता बदलला. मग स्पेअरकडे आली. शंका नको म्हणून तिनं पाहिलं की कुठला प्रोग्राम तो व्हॉल्यूम वापरतोय का. यंत्र म्हणालं, कुणीही नाही.

कुणी नसणारच. प्रोग्राम तिनंच तासाभरापूर्वी बंद केले होते. ही तपासणी आधी करायची असते, सगळं चालू असताना. इतक्या वर्षांच्या अनुभवात तिला ते माहीत नव्हतं असं नाही. यादीत ती पायरी तिनं चुकीच्या जागी लिहिली होती, इतकंच.

व्हॉल्यूम एकेक करून बंद केले. सॉफ्टवेअर काढलं. सर्व्हर पुन्हा सुरू केला, तो निमूटपणे सुरू झाला. सगळे प्रोग्राम उघडले, स्कॅन दिसले, कागद दिसले. बॅकअपला जागा कमी पडत होती, म्हणून जुन्या चारांपैकी पहिल्या दोन डिस्क पुसून तिकडे लावल्या. दुपारी दोनला ती घरी जायला निघाली तेव्हा फोनवर काकूंचे तीन मिस्ड कॉल होते. सरांना बरं नसेल, या विचारानं तिनं लगेच फोन लावला. कुणी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावू म्हणाली, आणि संध्याकाळी लावला नाही.

सोमवारी अधीक्षक बाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

बुधवारी सकाळी कार्यशाळेतून मास्तरांचा निरोप आला. मास्तर म्हणजे पाय घडवणारे मुख्य कारागीर. धाकटी गेली तेव्हा बाकावर पेपरवाल्या बाई बसल्या होत्या. चौकात वर्तमानपत्रं विकायच्या. गुडघ्याखालचा डावा पाय नव्हता, अकरा वर्षांपासून इथलाच पाय वापरत होत्या. त्यांना आदल्या दिवशी नवं सॉकेट दिलं होतं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते भांडं. बाईंनी ते काढून मांडीवर घेतलं होतं, आणि त्यांच्या पायाच्या टोकाला आतल्या बाजूनं कातडी सोलून लाल झाली होती.

"मास्तर, हीच जागा," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी दुखायची तीच. तुम्ही मिटवली होतीत ना ती?"

"मिटवलीच होती," मास्तर म्हणाले. ते धाकटीकडे वळले. "धाकटे, इथे हाड वर आलंय. मी चार मिलिमीटरची सूट दिलेली आहे, मशीनला भरलेली आहे. स्कॅन तर आहे. माझ्या दुरुस्त्या कुठे गेल्या?"

तिनं पडद्यावर पाहिलं. स्कॅनच्या शेजारी दुरुस्त्यांचा रकाना होता. सगळीकडे शून्य. तिनं दुसरा रुग्ण उघडला. शून्य. तिसरा. शून्य. प्रोग्रामनं एकदाही तक्रार केली नव्हती. दुरुस्ती सापडली नाही तर ती नाहीच असं धरून तो पुढे जायचा.

सगळं एका झटक्यात कळलं. थोरल्यांनी हा दुरुस्त्यांचा साठा फाइल म्हणून ठेवलाच नव्हता. वेग मिळावा म्हणून प्रोग्राम थेट त्या व्हॉल्यूमवर लिहायचा. म्हणून फाइल दिसत नव्हती. म्हणून तो कुठे जोडलेला नव्हता. म्हणून दर आठवड्याच्या बॅकअपमध्ये तो कधी गेलाच नव्हता. स्पेअर हे नाव त्यांनी बहुधा पहिल्या दिवशी ठेवलं असणार आणि बदलायचं राहून गेलं असणार. एकोणीसशे माणसांच्या पायांना कुठे दुखतं, याची मास्तरांनी हातानं चाचपून केलेली नोंद त्या रिकाम्या जागेत होती.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"गेल्या," ती म्हणाली. "माझ्या हातून गेल्या."

मास्तरांनी पेपरवाल्या बाईंच्या पायाला मलम लावायला घेतलं. बाईच म्हणाल्या, "पोरी, बस जरा. पांढरी पडलीस."

ती बसली नाही. जिना चढताना तिच्या मनात आलं की हे कुणाला कळणार नाही. नव्या स्कॅनरवर ढकलता येईल, कंपनीवर ढकलता येईल. आणि लगेच मागोमाग आलं, थोरल्यांनी तरी का लिहून ठेवलं नाही? या दुसऱ्या विचारानं तिला भयंकर राग आला, आणि रागाची लाज वाटली. अधीक्षक बाईंच्या दारात पोचेपर्यंत काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. आत गेल्यावर तिनं सगळं सांगितलं, काकूंच्या त्या वाक्यासकट.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुम्हाला सांगितलं होतं, की त्यांच्या 'हो'ला अर्थ नाही."

"हो."

"तरी?"

"तरी."

"परत येतील का?"

"तिसरी आणि चौथी डिस्क मी पुसलेली नाही. जे त्यांच्यावर असेल ते येईल. पण त्यासाठी तेच सॉफ्टवेअर परत घालावं लागेल, दुसऱ्या मशीनवर. त्याची सीडी सरांच्या घरी आहे."

"मग इथे कशाला उभ्या आहात?" बाई म्हणाल्या.

काकूंनी या वेळी तिला दारातच थांबवलं. आत जाऊन एक कागद आणला. तीच यादी होती. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, डाव्या हातानं, लहान मुलानं काढावं तसं काहीतरी काढलं होतं. गुडघा, त्याखाली थांबलेला पाय, त्याखाली भांडं. भांड्याच्या आत एक ठिपका, इतका दाबून काढलेला की कागद फाटला होता. तिथून निघालेली रेघ कागदाची कड ओलांडून पुढच्या बाजूला, नवव्या ओळीपर्यंत आली होती.

"तू गेलीस त्या दिवसापासून हेच चाललं होतं," काकू म्हणाल्या. "जेवण नाही, झोप नाही. मला वाटलं कुणाचा तरी पाय मागतायत. रविवारी सकाळी ती रेघ काढली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीनदा फोन केला तुला. मग यांना घेऊन दवाखान्यात गेले, रक्तदाब चढला होता."

धाकटी उंबऱ्यापाशीच खाली बसली. काकूंनी तिला उठवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सीडी वरच्या फळीवर आहे. स्टूल घे."

शुक्रवारी व्यायाम संपल्यावर काकू थोरल्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन आल्या. धाकटीनं बोलावलं नव्हतं. तिची हिंमत झाली नव्हती. तिनं घाईघाईनं केबली उचलून खुर्ची मोकळी केली. समोर जुनं मशीन, त्यात तिसरी आणि चौथी डिस्क, आणि पाच दिवसांपूर्वी स्वतःच काढलेलं सॉफ्टवेअर पुन्हा घातलेलं. स्पेअर व्हॉल्यूमचा पहिला भाग दुसऱ्या डिस्कवर होता, तो पुसला गेला होता. पुढचा भाग तिसऱ्यावर होता. पण तो नेमका कुठून सुरू होतो ते सापडत नव्हतं. तिनं आकडे एकेक करून पडद्यावर आणले. थोरले बघत राहिले. चुकीचा आकडा आला की त्यांचा हात टेबलावरून आडवा फिरायचा. तिनं शब्द विचारलाच नाही, हाताकडेच पाहिलं. दीड तासानं एका आकड्यावर त्यांनी तळवा सपाट ठेवला आणि उचलला नाही.

बाराशे एकोणनव्वद माणसांच्या दुरुस्त्या परत आल्या. सहाशे अकरा गेल्या. पहिल्या भागात होत्या त्या सगळ्यात जुन्या, म्हणजे गेल्या त्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि लहानपणापासून येणाऱ्या माणसांच्या.

"सर, माझं चुकलं," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी बैठकीत जे बोलले, तेही."

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणाले, तो शब्द नव्हता. ती माफी होती की तक्रार, की फक्त दमणूक, हे तिला समजलं नाही. या वेळी तिनं स्वतःच्या सोयीचा अर्थ लावला नाही. काकू म्हणाल्या, "दमलेत," आणि त्यांना घेऊन गेल्या.

धाकटीच्या सेवापुस्तकात ताकिदीची नोंद झाली. ते तिनं मनाला लावून घेतलं नाही. पुढचे चार महिने ती रोज दुपारी दोन ते चार फोन करत बसली. सहाशे अकरा नंबर. कुणी बदलले होते, कुणाचे बंद होते. तेवीस घरांत तिला समजलं की माणूसच राहिला नाही. "आमच्या चुकीमुळे तुमची मापं पुन्हा घ्यायची आहेत," हे वाक्य ती तसंच म्हणायची. कुणी म्हणे, बरं. एक जण म्हणाला, "तीन बस बदलून यावं लागतं, तुम्हाला बोलायला काय जातंय?" जे आले त्यांच्याजवळ ती मास्तरांशेजारी बसायची आणि कुठे दुखतं ते वहीतही लिहायची, मशीनमध्येही.

पण सगळ्यात आधी तिनं शोधली होती ती सात माणसं, ज्यांना त्या सोमवार ते बुधवारात नवं सॉकेट दिलं गेलं होतं. सहा दोन दिवसांत सापडली. सातवा एक सुतार होता, लांबच्या गावचा. त्याचा फोन लागतच नव्हता. तीन आठवड्यांनी लागला तेव्हा भावानं उचलला.

"तो पाय घालत नाही आता," भाऊ म्हणाला. "कुबड्या घेतो. काम सोडलंय."

"दुखतं म्हणून का?"

"विचारलं तर म्हणतो, मोठ्या दवाखान्यात बनवलाय, पाय बरोबरच असणार. माझीच खोड आहे म्हणतो."

तिनं अधीक्षक बाईंकडून गाडी मागून घेतली आणि मास्तरांना सोबत घेऊन ती शनिवारी गेली. सुतार ओसरीवर बसला होता. बाजूला अर्धवट राहिलेली एक खिडकीची चौकट होती. मास्तरांनी त्याची चड्डी दुमडून पाय पाहिला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. जखम चिघळली होती.

"खोड तुमची नाही," धाकटी म्हणाली. "चूक माझी आहे. मी एक गोष्ट काढून टाकली, नीट न बघता."

सुतारानं तिच्याकडे आणि मग सॉकेटकडे पाहिलं. "मला वाटलं सवय होईल," तो म्हणाला.

जखम भरायला सात आठवडे लागले. मग नवं सॉकेट झालं, त्यात मास्तरांनी सगळं हातानं घासून जमवलं. सुतार ते घालून कार्यशाळेच्या दोन टोकांमध्ये चार वेळा चालला आणि ठीक आहे म्हणाला. जाताना तो अजूनही त्या पायावर जरा कमीच भार देत होता. ते दुखण्यामुळे की भीतीमुळे, हे तिनं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, सांगता येत नाही.